सहावं पाणी

घणसोली, सेक्टर नऊ. रविवार, साडेतीन.
गॅसवर नुसतं पाणी आहे
आणि आईला ते बघवत नाही.
"आलं तरी टाक त्यात."

मी काटा पुढे ओढते. सहा ग्रॅम.
हिरव्या-काळ्या गोळ्या, मुठी आवळल्यासारख्या.
आई एक उचलते, दाताखाली धरून बघते.
"मिऱ्यावानी दिसत्यात. कितीला?"
दोनशे, मी म्हणते.
नऊशेची पावती रिक्षातच फाडून आलेय.
"पाव किलो?"
पन्नास ग्रॅम.
ती गोळी पदराला पुसते, परत डबीत ठेवते.

झाकणाचा कप चिनी मातीचा,
लोणच्याच्या बरणीची धाकटी बहीण वाटावा असा.
पहिलं पाणी ओतून द्यायचं असतं,
पानं जागी व्हावीत म्हणून, मी सांगते,
तोवर माझं मनगट तिच्या हातात.
रबाळ्याला तीन नंबरच्या गेटवर
सत्तावीस वर्षं हौसाबाईच्या पातेल्यातला
थेंब वाया गेला नव्हता.
उकळी काठावर आली की ती फुंकर मारायची,
फेस शहाण्या पोरासारखा खाली बसायचा.
रंगाच्या कंपनीतले यायचे निळी बोटं घेऊन,
औषधवाल्यांच्या अंगाला कडू वास,
आणि रातपाळी सुटली की कुणालाच
कुणाचं नाव आठवायचं नाही, फक्त "दोन कटिंग".
माझी फी त्या फेसातूनच वर आली.

आता वीस सेकंद. ती मोठ्यानं मोजते,
अठरावर थांबते, माझ्याकडे बघते.
वाटी एवढीशी.
"देवाला दाखवायचाय का?"
मग घोट.
"गरम पाणी हाय."
मग भुवया वर.
"गिळल्यावर कायतरी येतंय मागनं."
काय येतंय?
"बोलू नको. जाईल ते."

पाकिटावर लिहिलंय: लोणी, ऑर्किड, ओला दगड.
मी वाचून दाखवते, परीक्षेतल्यासारखं.
"ऑर्किड कुणी हुंगलंय," ती म्हणते,
आणि तिसऱ्या पाण्याला डोळे मिटून,
"पाटा.
खोबरं वाटून झाल्यावर धुतलेला पाटा."
मी पाकीट उलटं करून ठेवते.

चौथं. पाचवं.
"एकाच पत्तीवर? आमच्या गिऱ्हाइकांनी
बाकडं उलटवलं असतं."
ती हसते, मग हसू मध्येच सोडून देते.
"एकदा केलं होतं मी. संपाच्या साली.
सकाळचीच पत्ती संध्याकाळी परत उकळली.
दूध निम्मं.
कुणी बोललं नाही."
खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेतंय, ती वाजत राहते.
"पैसेबी कुणी दिले नाहीत.
मी मागितले नाहीत."
वही कुठंय ती, मी विचारते.
"कुठली?"
उधारीची.
"शेगडी पेटवायला कागद लागतोच की."

सहाव्या पाण्याला कप काठोकाठ भरलाय पानांनीच,
झाकण बसत नाही.
आई एक चिमटीत घेते,
स्टीलच्या ताटलीवर अंगठ्यानं उलगडत जाते,
लहान मुलाची बंडी इस्त्रीला पसरावी तशी.
देठ. देठावर तीन पानं.
कडेला बारीक दाते, एका जागी किड्यानं खाल्लेलं भोक.
ती ताटली खिडकीशी नेते, उजेडात.
"अगं, पान हाय हे."

मग बराच वेळ काही नाही.

"सत्तावीस वर्षं चहा विकला मी.
पान आज बघितलं."

पाचच्या ठोक्याला खलबत्त्याचा आवाज.
आलं, दूध, चार चमचे भुकटी, साखर न मोजता.
फेस वर येतो. ती फुंकर मारते,
दम पुरत नाही, थोडं उतू जातं,
जळक्या दुधाचा वास घरभर.
मी माझा कप पुढे करते.
"तुझा झाला की सहा वेळा," ती म्हणते,
आणि काठोकाठ ओतते.

खिडकीच्या जाळीला ते पान अडकवलंय,
वाळत, पुन्हा मिटायला लागलेलं.